परक्या शहरातील अखेरचे दिवस : चरित्रपर लेखनातील एक रिकामी जागा

मराठी प्रवासवर्णनाची आणि परदेशवासावर आधारलेल्या चरित्रपर लेखनाची चर्चा करताना समीक्षेचे लक्ष बहुधा दोन ठिकाणी खिळते. एक, प्रस्थान : घरातील विरोध, पैशाची जुळवाजुळव, बंदरावरचा निरोप. दुसरे, प्रथमदर्शन : नवे शहर, तेथील थंडी, अन्न, माणसे आणि या साऱ्यांकडे पाहणारी लेखकाची दृष्टी. दीर्घ वास्तव्याचा शेवट मात्र आपण एका वाक्यात उरकतो. 'शिक्षण पुरे करून ते अमुक साली मायदेशी परतले' हे ते वाक्य. परक्या शहरातील अखेरचे काही दिवस, म्हणजे जाण्याची तारीख ठरल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंतचा काळ, या वाक्याच्या पोटात नाहीसा होतो. ही केवळ तपशिलाची उणीव आहे, की मराठी लेखनाने 'परतणे' या क्रियेविषयी मनाशी बाळगलेल्या एका गृहीतकाचा तो परिणाम आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम 'परके शहर' या संज्ञेचा विचार करावा लागेल. परकेपणा म्हणजे अंतर नव्हे आणि केवळ भाषाभेदही नव्हे. यासाठी विलायतेचे उदाहरण घेण्याची गरज नाही. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, बालाघाटाच्या पठारावरील वाशीचे उदाहरण पुरेसे आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील माणसाला बार्शीची मराठी बोलणारी बाजारपेठ जवळची. परंतु ती ब्रिटिश हद्दीत, म्हणजे राज्यसीमेपलीकडे आणि करोडगिरीच्या नाक्यापलीकडे होती. उलट शेकडो किलोमीटर दूर असलेले, उर्दूत कारभार चालवणारे हैदराबाद ही त्याची राजधानी. वरिष्ठ कचेरीचे काम तेथे आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले, उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठही तेथेच. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. या पठारावरचा माणूस जागचा हलला नाही, पण एक शहर त्याच्यासाठी परराज्यातले झाले आणि एक बाजारपेठ हक्काने आपली झाली. तात्पर्य, परकेपणा हा स्थळाचा गुण नसून एक संबंध आहे. तो कोणी तरी ठरवलेला असतो आणि बदलू शकतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग सिमेल याने १९०८ साली परक्या माणसाविषयी लिहिताना हाच मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला होता. त्याच्या मते परका म्हणजे आज येऊन उद्या निघून जाणारा वाटसरू नव्हे. आज येऊन उद्याही राहणारा, तरीही जाण्याची मुभा गमावून न बसलेला माणूस म्हणजे परका. दीर्घ वास्तव्याचे मर्म या व्याख्येत नेमके सापडते. अशा माणसाच्या ठायी जवळीक आणि दुरावा एकाच वेळी नांदतात. ज्या दिवशी जाण्याची तारीख ठरते, त्या दिवशी या दोहोंतील तोल सुटतो. वर्षानुवर्षे सवयीने न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. खोली रिकामी करणे, देणी फेडणे, पुस्तके बांधणे, ओळखीच्या माणसांना अखेरचे भेटणे ही किरकोळ कामे असतात. पण त्यांतूनच 'मी येथे कोण होतो' हा प्रश्न पुढे उभा राहतो. मिखाईल बाख्तिन याने कादंबरीतील कालावकाशाचे विवेचन करताना उंबरठ्याचा कालावकाश वेगळा काढला आणि त्याचे नाते पेचप्रसंगाशी व आयुष्यातील वळणाशी जोडले. परक्या शहरातील अखेरचे दिवस हा असाच उंबरठा होय.

मग मराठी लेखन या उंबरठ्यावर का थांबत नाही? याचे एक कारण आपल्या यात्रेच्या परंपरेत शोधता येईल. काशीयात्रेची समाप्ती काशीत होत नाही, ती घरी होते. गंगा आणावी, तिचे पूजन करावे, मावंदे घालावे, तेव्हा यात्रा पुरी झाली असे मानतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले आणि १८५८ मध्ये त्यांनी झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिला. एवढ्या उलथापालथीनंतरही ते गंगेची कावड घेऊन घरी आले. १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी संपादून प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास' या पुस्तकाच्या घडणीत हा यात्रेचा साचा महत्त्वाचा आहे. अर्थाचे माप घरी लागते, बाहेर केवळ अनुभव घडतो. समुद्रपर्यटन सुरू झाल्यावर मावंद्याच्या जागी प्रायश्चित्ताचा प्रश्न आला. परतलेल्याला पंक्तीत घ्यावे की नाही, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाजत राहिला. मावंदे असो वा प्रायश्चित्त, दोन्ही विधी परतीचा अर्थ घराच्या दारात ठरवतात. दोन्ही एक गोष्ट धरून चालतात, ती म्हणजे परतणाऱ्याला घर आहे आणि त्या घराला दार आहे. पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. त्या प्रवासावरील 'अपूर्वाई' (१९६०) या पुस्तकातील प्रसन्न विनोदही अशाच एका सुरक्षित घराच्या भरवशावर उभा आहे. यात दोष काही नाही. परंतु हा भरवसा सार्वत्रिक नाही, हे समीक्षेने ध्यानात घ्यायला हवे. तो जेथे डळमळतो तेथे अखेरच्या दिवसांचे काय होते, हे तीन उदाहरणांवरून पाहता येईल.

पहिले उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागा त्यांनी स्वीकारली. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचे निधन झाले. पदवी आणि प्रयाण यांमधील हे सात महिने म्हणजे त्यांच्या वास्तव्याचा अखेरचा टप्पा. त्यांची चरित्रे लगोलग लिहिली गेली. कॅरोलाइन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बोस्टनला निघाले, तर काशीबाई कानिटकरांनी पत्रांच्या आधारे मराठी चरित्र सिद्ध केले. पुढे श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी आणि अंजली कीर्तने यांचे 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' (१९९७) हे संशोधनपर चरित्र आले.

या सात महिन्यांकडे पाहताना प्रत्येक चरित्रलेखकापुढे, आणि आपल्यासारख्या वाचकापुढेही, एक मोह उभा राहतो. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे खोकला, ज्वर आणि थकवा ही सारी मृत्यूची पूर्वचिन्हे वाटू लागतात आणि फिलाडेल्फियातील अखेरचे दिवस हे आयुष्याचेच अखेरचे दिवस म्हणून वाचले जातात. पण त्या महिन्यांत जगणाऱ्या स्त्रीला तो शेवट ठाऊक नव्हता. तिच्यापुढे एक नेमणूक होती. कोणत्या अटींवर काम स्वीकारायचे, काय बरोबर न्यायचे, कोणते शिक्षण अजून पदरात पाडून घ्यायचे, हे प्रश्न होते. ते एका डॉक्टरचे प्रश्न होते, करुणकथेच्या नायिकेचे नव्हते. मृत्यूकडून मागे वाचत आलो की आनंदीबाईंचा व्यवसाय वजा होतो आणि त्याग तेवढा उरतो. शोकात्म आकृतिबंधाने येथे एक मूल्यनिर्णयही केला आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

या कथेला आणखी एक अंग आहे. आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. माणूस मायदेशी आला आणि त्याच्या अस्थी परदेशी गेल्या. गंगेची कावड घरी आणणाऱ्या परंपरेच्या दृष्टीने ही दिशा पूर्णपणे उलटी आहे. अमेरिकेतील वास्तव्य संपले असे आपण म्हणतो ते कोणत्या अर्थाने, असा प्रश्न हे थडगे विचारते. परके आणि आपले यांची जागा येथे कायमची सरकली आहे.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या मार्च १८८६ मध्ये इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आल्या आणि पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जपानमार्गे त्या फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी शारदा सदन उघडले. त्याच वर्षी त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. शीर्षकातच दोन वाङ्मयप्रकार शेजारी ठेवले आहेत आणि त्यांत लोकस्थितीला अग्रमान आहे. पुस्तकाचा आरंभ लिव्हरपूलहून निघालेल्या प्रवासाने होतो. पण पुढची मांडणी विषयवार आहे : राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्म, स्त्रियांची स्थिती.

रमाबाईंनी निरोपाला गौण स्थान दिले याचे कारण भावनेचा अभाव असे मानणे भोळेपणाचे ठरेल. दुष्काळात आईवडील गमावलेल्या, देशभर पायी हिंडलेल्या, विधवा झालेल्या आणि धर्मांतर केलेल्या या स्त्रीला ज्या घराकडे परतायचे असते तसे घर उरलेलेच नव्हते. घर तिला उभारायचे होते. त्यामुळे अमेरिकेतील तिच्या अखेरच्या काळाचे रूपांतर वर्गणी, समित्या आणि आश्वासने यांत झाले. वास्तव्याचा शेवट आणि कार्याचा आरंभ यांत फटच ठेवली गेली नाही. 'शारदा सदन' या नावातील 'सदन' हा शब्द या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. येथे परतीचा अर्थ घराच्या दारात ठरत नाही, कारण दार बसवण्याचे काम परतणारीनेच अंगावर घेतलेले असते.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. येथे प्रश्न सर्वाधिक तीव्र होतो. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकले. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडनला ग्रेज इनमध्ये व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. महायुद्ध चालू होते. त्यांनी दुसऱ्या बोटीने रवाना केलेले ग्रंथ बोट बुडवली गेल्याने समुद्रात गेले. ते स्वतः २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईत उतरले आणि करारानुसार बडोद्याच्या नोकरीवर गेले.

लंडनमधील या अखेरच्या दिवसांचे तपशील आपल्याला चांगदेव खैरमोडे आणि धनंजय कीर यांच्या चरित्रांतून मिळतात. स्वतः आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आत्मपर टिपणात त्यांवर जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले हे टिपण १९९० मध्ये पुस्तिकारूपाने आले आणि १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात समाविष्ट झाले. त्यात ते सांगतात की युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच मात्र 'जायचे कोठे' हा प्रश्न समोर उभा राहिला. हिंदू खाणावळीत जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवस, लाठ्या घेऊन आलेला जमाव, सार्वजनिक बागेत बसून गाडीची पाहिलेली वाट हा पुढचा भाग आता सर्वपरिचित आहे.

वाङ्मयीन दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की टिपणातील सालांचा इतर कागदपत्रांशी सर्वत्र मेळ बसत नाही, पण स्थानकावरचा तो क्षण मात्र कमालीचा स्पष्ट आहे. उंबरठा येथे लंडनमध्ये नाही, तो बडोद्याच्या फलाटावर आहे. दुसऱ्या शब्दांत, परक्या शहरातील अखेरचा दिवस कोणता होता हे या निवेदकाला मायदेशी पोहोचल्यावर कळते. परके शहर सोडताना नव्हे, 'आपल्या' शहरात शिरताना तो परका होतो. यात्रेच्या साच्याचा हा संपूर्ण व्यत्यास होय. मावंद्यासाठी घर लागते, प्रायश्चित्तासाठी जात लागते. ज्याला पंक्तीत आधीपासूनच स्थान नाही त्याला पंक्तीत परत कसे घेणार?

शीर्षकाचा अर्थ या ठिकाणी उलगडतो. व्हिसा हा परदेशात शिरण्याचा परवाना. पण या टिपणातील प्रसंग भारतातले आहेत : बालपणीचा वडिलांच्या भेटीसाठीचा प्रवास, बडोदा, चाळीसगाव, दौलताबाद. न्यूयॉर्क आणि लंडन यांचा उल्लेख केवळ पार्श्वभूमी म्हणून येतो. यांपैकी दौलताबादचा प्रसंग १९३४ चा, निजामाच्या राज्यातील म्हणजे आपल्या मराठवाड्यातला आहे. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदात सहप्रवाशांनी हातपाय धुतले म्हणून तंटा उद्भवला. तो हौद विटाळल्याचा आरोप करणारे मुसलमान होते, तसे बडोद्यात हाकलणारे पारशी होते. अस्पृश्याचे परकेपण धर्माची सीमा ओलांडून जाते, हे आंबेडकर या निवडीतून दाखवतात. बार्शी आणि हैदराबाद यांविषयी वर जे म्हटले ते राज्यसीमेचे होते. ती १९४८ मध्ये आणि पुन्हा १९५६ मध्ये हलली. दौलताबादच्या हौदाभोवतीची सीमा कोणत्याही नकाशावर नव्हती, म्हणून ती राज्यपुनर्रचनेने हलण्याजोगीही नव्हती.

येथे एक आक्षेप संभवतो. आंबेडकरांचे परदेशातील दिवस सुखाचे होते असे या विवेचनातून सूचित होते काय? तसे मुळीच नाही. पैशाची ओढाताण, अपुरे अन्न आणि वेळेशी चाललेली झुंज यांविषयी चरित्रकारांनी पुरेसे लिहिले आहे. १९२० मध्ये साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये परतले तेव्हाही 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधाची परीक्षकांनी सुचवलेली दुरुस्ती शिल्लक होती. ती त्यांनी मुंबईहून करून पाठवली. म्हणजे दोन्ही वेळा निरोप अपुरा आहे आणि दोन्ही वेळा काम शिल्लक ठेवूनच शहर सोडावे लागले आहे. परक्या शहराने त्यांना घर दिले नाही. त्याने वाचनालयातील एक खुर्ची दिली आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्याची जात विचारली नाही. मुद्दा सुखाचा नसून तुलनेचा आहे. ही तुलना ज्याने केली त्याला परतल्यावर गावाकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहणे शक्य नव्हते.

या तीन उदाहरणांवरून काही निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की दीर्घ वास्तव्याच्या अखेरच्या दिवसांना लेखनात मिळणारी जागा ही लेखकाच्या स्वभावापेक्षा त्याच्या घराशी असलेल्या संबंधावर अवलंबून असते. घर निश्चित असेल तर निरोप हळवा किंवा विनोदी होतो, घर उभारायचे असेल तर निरोप कामात विरतो आणि घराने दार लावले असेल तर निरोप मायदेशाच्या उंबरठ्यावर सरकतो. दुसरा निष्कर्ष वाचनपद्धतीविषयी आहे. आनंदीबाईंच्या संदर्भात आपण पुढच्या घटनेवरून मागे वाचत येतो. ही सवय मोडून तो काळ त्याच्या तत्कालीन अनिश्चिततेसह वाचणे हे चरित्रसमीक्षेचे कर्तव्य आहे. पत्रे, पावत्या, पुस्तकांच्या याद्या, बोटींच्या तारखा ही सामग्री त्यासाठी उपयोगी पडते, कारण तिला शेवट ठाऊक नसतो.

तिसरा निष्कर्ष वाङ्मयप्रकाराच्या सीमेविषयी आहे. प्रवासवर्णन आणि दलित आत्मकथन हे आपण दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले आहेत. एकात सुस्थित माणूस परका मुलूख पाहतो, दुसऱ्यात वंचित माणूस स्वतःचे गाव सांगतो. लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे 'उपरा' (१९८०) हे नाव या विभागणीला छेद देते. उपरा म्हणजे बाहेरून आलेला, ज्याचे मूळ येथले नाही असा. जन्मभूमीतच ज्याला उपरेपण येते त्याचे आत्मकथन हे एका अर्थाने परक्या मुलखातील दीर्घ वास्तव्याचे वर्णन असते. फरक इतकाच की त्या वास्तव्याला परतीची तारीख नसते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत उघडलेले दार आहे. प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्याला स्थान द्यायचे, तर प्रवासवर्णनाची व्याख्याच पुन्हा तपासावी लागेल. तशी ती तपासावी असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठवाड्यातील महाविद्यालयांतून आज जे विद्यार्थी पुण्या-मुंबईला किंवा परदेशी जातात, त्यांच्याही लेखनाचा अभ्यास उद्या होईल. तेव्हा ते कसे गेले आणि त्यांनी काय पाहिले, एवढेच विचारून भागणार नाही. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात त्यांनी कोणत्या गोष्टी बरोबर घेतल्या आणि कोणत्या मागे ठेवल्या, हेही विचारावे लागेल. आणि घरी पोहोचल्यावर दार कोणी उघडले, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.